आबांची तीननळी बंदूक

मी बी. ए. झालो तो माझे चुलते सखारामआबा यांच्यामुळे, आणि सखारामआबा ऐन दसऱ्याच्या सकाळी स्वतःच्याच खाचरात उताणे पडले ते मी बी. ए. झाल्यामुळे. पहिली गोष्ट मी कृतज्ञतेने सांगतो. दुसरी सारं पवन मावळ सांगतं, त्यासाठी माझी गरज पडत नाही. पण लोक ती फार वाढवून सांगतात, म्हणून खरी हकिगत एकदा लिहून ठेवावी असं ठरवलं. (खरी हकिगत जास्तच वाईट आहे, हे लिहायला बसल्यावर लक्षात आलं.)

आबांना अक्षरओळख नव्हती. माझे वडील लवकर गेले, तेव्हा ‘ह्यो पोरगा शिकल’ असं आबांनीच ठरवलं आणि मला न विचारता ते पारही पाडलं. तिकोणा पेठेच्या अलीकडे आमचं गाव. तिथून दर महिन्याला आंबेमोहराचं गाठोडं डोक्यावर घेऊन ते कामशेत स्टेशनपर्यंत चालत येत आणि आधी तळेगावला, मग पुण्याला, मी ज्या खानावळीत जेवत असे तिथे ते पोचवून जात. म्हणजे माझं इंग्रजी, माझा इतिहास, माझं तर्कशास्त्र, सगळं आबांच्या खाचरात पिकलेलं. पुढे मी लोणावळ्याच्या शाळेत मास्तर झालो, तरी गाठोडं येतच राहिलं.

गावातला मी पहिला पदवीधर. त्यामुळे म्हशीचं पोट बिघडलं, वाटणीचा कागद करायचा झाला, कुणाचं घड्याळ बंद पडलं, की लोक मला विचारत. मीही उत्तर देई. ‘मला ठाऊक नाही’ असं म्हणणं म्हणजे आबांच्या तांदळाचा अपमान, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. म्हशी बहुतेक आपोआप बऱ्या झाल्या. घड्याळांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षी रानडुकरांनी फार उच्छाद मांडला. आबांची दोन खाचरं, एक वरचं आणि एक खालचं, डोंगराच्या अगदी पायाशी. भात पोटरीत आलं की डुकरं उतरायची आणि खायची थोडं, लोळायची फार. गावचा जुना शिकारी धोंडिबा याच्याकडे एक ठासणीची बंदूक होती, पण तिच्या नळीला तडा गेल्यापासून ती भिंतीवर नुसती टांगलेली असे. तेव्हा आबांनी पीक राखायला बंदुकीचा परवाना मागायचं ठरवलं, आणि अर्ज अर्थातच मी लिहिला. इंग्रजीत, चार पानं. डुक्कर तिसऱ्या पानावर येत होतं. कचेरीतल्या हेडक्लार्कने आबांना विचारलं, “हे सगळं ठीक आहे, पण तुम्हाला हवंय काय?” आबा म्हणाले, “बंदूक.” परवाना मिळाला.

एका घराला एक परवाना, एका परवान्यावर एक बंदूक, आणि ती उडवायची ज्याच्या नावावर परवाना त्यानेच. सरकारला आमच्या डुकरांपेक्षा आमच्या बंदुकांची काळजी जास्त होती. पण एकच बंदूक मिळणार म्हटल्यावर गावात जो तो तिचा मालक झाला. एका रविवारी मी गावी गेलो, तर आमच्या ओट्यावर सभाच भरलेली.

“वाघराचं काय?” पाटील म्हणाले. (आमच्याकडे बिबट्याला वाघरू म्हणतात.) “माझ्या दोन शेळ्या नेल्या त्यानं. डुक्कर मारायच्या बंदुकीनं वाघरू मरतंय का, त्ये आदी सांगा.”

नानी, म्हणजे माझी चुलती, आतून म्हणाली, “आनायचीच हाय तर तित्तर-लाव्याला चालंल आशी आना. डुकराचा वाटा साऱ्या गावाला जातोय. माज्या चुलीवर काय येतंय? वास.”

“सशाला चालंल का ती?” आणखी कुणीतरी.

धोंडिबा इतका वेळ तंबाखू मळत होता. तो म्हणाला, “आबा, भात कोन खातंय? डुक्कर. मंग डुकराची बंदूक आना. बाकीच्यांनी आजून तुमचं काय खाल्लं न्हाई.”

आबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं. “रघू बगंल. शिकल्याला हाय त्यो.”

त्या क्षणी कुणी तरी मला अडवायला हवं होतं.

लोणावळ्याला परतलो आणि मी अभ्यासाला लागलो. तिथल्या एका साहेबाच्या बंगल्याच्या माळ्याकडून मला शिकारीवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात एकेका जनावराला एकेक बंदूक सांगितली होती. वाघराला रायफल, पाखरांना बारीक छऱ्यांची, डुकराला आणखी वेगळी. हत्तीवर बावीस पानं होती. मावळात हत्ती नाहीत हे मला माहीत होतं, पण अभ्यास अर्धवट सोडणं मला कधी जमलं नाही. मग मी एक तक्ता आखला. जनावराचं नाव, वजन, कातडीची जाडी, पळण्याचा वेग, किती हातांवर दिसतं. शेवटी सगळ्यांची सरासरी काढली. त्यातून जो प्राणी निघाला तो साधारण बोकडाएवढा होता आणि थोडासा उडत होता. असा प्राणी ज्या बंदुकीने मरेल ती आपली बंदूक, असं मी ठरवलं.

परवाना आबांच्या नावाचा, म्हणून दुकानात त्यांना नेणं भाग होतं. पुण्याला कॅम्पात एका पारशी शेटजींचं बंदुकांचं दुकान होतं. आबा धुवट धोतर, पागोटं अशा थाटात आले आणि दारातल्या खुर्चीच्या अगदी काठावर बसले.

शेटजींनी त्यांनाच विचारलं, “बोला काका, मारायचं काय?”

“डुक्कर,” आबा म्हणाले.

शेटजी उठले आणि फळीवरची एक साधी एकनळी बारा बोअर काढून त्यांनी आबांच्या हातात ठेवली. आबांनी ती खांद्याला लावली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला आणि माझ्याकडे बघून ते हसले. मला वाटतं, त्या दिवशी ते एवढंच हसले.

“आबा,” मी म्हणालो, “असा संकुचित विचार करून चालणार नाही.”

“म्हंजी कसा?”

“नुसतं डुक्कर नाही. आपल्याला सर्व प्रकारच्या शिकारीला उपयोगी अशी एकच बंदूक हवी.” आणि मी तक्ता काढून शेटजींच्या टेबलावर पसरला.

शेटजींनी चष्मा लावून तो वाचला. “यात हाथी पण हाय.”

“तो अभ्यासापुरता.”

“मास्तरजी, काका बोलला डुक्कर. मी दिला डुक्करचा बंदूक. तुमी मदी हाथी कशाला घालता?”

पण मी मागे हटलो नाही. मी तासभर बोललो. अखेर शेटजी आत गेले आणि धूळ झाडत एक बंदूक घेऊन आले. विलायतेला परत गेलेल्या कुणा साहेबाची ती होती, जर्मन बनावटीची. वर शेजारी शेजारी दोन नळ्या छऱ्यांच्या, त्यांच्या पोटाखाली तिसरी नळी रायफलची. दोन चाप. आणि वर एक छोटा खटका. तो पुढे सरकवला की पुढचा चाप खालच्या नळीची गोळी सोडतो, मागे असला की उजव्या नळीचे छरे. मागचा चाप नेहमी डाव्या नळीचा. ऐकताना मला वाटलं, हा माझा तक्ताच कुणी लोखंडात घडवला आहे.

आबांनी ती उचलली. “रघू, ही बंदूक हाय का उखळ-मुसळ?”

“सवय होईल, आबा.”

“मला व्हईल. पर डुक्कर थांबंल का तवर?”

शेटजींनी एकनळी परत फळीवर ठेवली. ठेवताना ते माझ्याकडे नाही, आबांकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

मी आबांसाठी सूचनापत्र तयार केलं. अकरा कलमं, शुद्ध मराठीत. उजव्या नळीत बारीक छरे, नानीच्या तित्तरांसाठी. डाव्या नळीत मोठे छरे, डुकरासाठी. खालच्या नळीत गोळी, पाटलांच्या वाघरासाठी. कुणाला नाराज करायचं नाही. पण आबांना वाचता येत नव्हतं आणि दोन चाप नि खटका यांचा मेळ त्यांच्या लक्षात राहीना. पढवायला बसलो की ते डोळे मिटून म्हणत, “पुडचा म्हंजी लावा. खटका वडला तर वाघरू. का ढकलला तर?”

तेव्हा मला एक कल्पना सुचली. माझ्या साऱ्या आयुष्यातल्या कल्पनांमध्ये ही मला त्या वेळी सर्वांत सोपी वाटली होती. मी देवघरातून हळद, कुंकू आणि बुक्का आणला. पुढच्या चापाला हळद: पाखरं. मागच्या चापाला कुंकू: डुक्कर. खटक्याला बुक्का: वाघरू. तिन्ही थोड्या तेलात कालवून नीट लावले.

“आता बोला, आबा. डुक्कर आलं.”

“कुकू.”

“लावा उडाला.”

“हाळद.”

आबा एकदाही चुकले नाहीत. धोंडिबाही मान हलवून म्हणाला, “ह्ये मातर ब्येस केलंत, मास्तर.” आठ दिवसांनी, दसऱ्याच्या सकाळी, हाका करायचं, म्हणजे ओरडून-बडवून डुकरं रानातून उठवायचं ठरलं. मी आदल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने यायचं कबूल करून शाळेला गेलो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. त्या दिवशी घरातली हत्यारं पूजतात, हे आमच्या गावातल्या रांगत्या मुलालाही ठाऊक आहे. मला ठाऊक होतं. मी विळा, कोयता, कुऱ्हाड यांची पूजा लहानपणापासून पाहत आलो होतो. फक्त त्यांच्यावर कधी सूचना लिहिलेल्या नव्हत्या.

मी पोचलो तेव्हा बंदूक पाटावर होती. नानीने घरात आलेल्या पहिल्या बंदुकीची हौसेने पूजा केली होती. तिन्ही नळ्यांना हळदीची बोटं, हळदीवर कुंकू, दोन्ही चापांना हळदकुंकू, खटक्याला हळदकुंकू, दस्त्याला झेंडूची माळ. वर तांदूळ.

“नानी,” मी म्हणालो, “इथे खुणा होत्या.”

“व्हय की. कुनीतरी वंगाळ हातानं येडंवाकडं बरबटून ठिवलंतं. काळं बी लावलंतं. पुसून नीट केली मी.”

सकाळी पुन्हा रंगवायला वेळ नव्हता आणि पूजेचं कुंकू पुसायला नानी तयार नव्हती. मी म्हणालो, काही हरकत नाही, मी आबांच्या शेजारी बसेन आणि कोणता चाप ते सांगेन. बंदूक आबाच उडवतील, मी फक्त मार्गदर्शन करीन. कायद्यातही बसतं.

धोंडिबाने आबांना डोंगरातल्या वरच्या नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, बसवायचं ठरवलं होतं. तिथून डुकरं नेहमी जात. मी हरकत घेतली. नाळेत झाडी दाट, समोर वीस हातही दिसत नाही. माझ्या तक्त्याप्रमाणे सर्व प्रकारच्या शिकारीला किमान चाळीस हात मोकळी जागा हवी. अशी जागा एकच होती, खालच्या खाचराचा बांध.

“मास्तर,” धोंडिबा म्हणाला, “मागं भात हाय.”

“मागे आहे ना? आपण पुढे बघणार.”

धोंडिबाने आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, “त्यो म्हनतोय तसं.” एवढं म्हणून ते बांधावर बसले, आणि सूचनापत्र घेऊन मी त्यांच्या शेजारी. मागे कमरेएवढा आंबेमोहर उभा होता, लोंब्या नुकत्या वाकायला लागलेल्या. वरून हाका सुरू झाला. हलगी, डबे, कुत्री, आरोळ्या.

आधी दोन तित्तरं भुर्रकन गेली. आबांनी बंदूक उचलली. मी म्हणालो, “पाखरांसाठी नाही, आबा. थांबा.” मग ससा गेला. “त्याच्यासाठीही नाही.” आबा म्हणाले, “मंग हिला तीन नळ्या कशापायी हायेत?” मी उत्तर देणार, तोच करवंदीची जाळी हलली आणि डुक्कर बाहेर आलं. सुळेवालं. आमच्यापासून वीस हातांवर ते थांबलं आणि त्याने आमच्याकडे पाहिलं. मागे जाळीत आणखी पाच-सहा जणांची चुळबुळ ऐकू येत होती.

“कंचा?” आबा कुजबुजले.

मी चापांकडे पाहिलं. दोन्ही पिवळे, दोन्ही तांबडे.

“कंचा, रघू?”

“थांबा, कलम पाचवं बघतो.”

मला आजही वाटतं, ते डुक्कर कलम पाचवं संपेपर्यंत थांबायला तयार होतं. आबा नव्हते. त्यांनी पुढचा चाप ओढला. तित्तरांसाठी भरलेले बारीक छरे डुकराच्या पुठ्ठ्यावर जाऊन सांडले. आपल्यावर कुणी मोहरी फेकली असावी इतपतच त्याला लागलं असेल, पण अपमान मात्र पुरता झाला. ते वर पळायचं सोडून थेट आमच्यावरून, म्हणजे बांधावरून, खाचरात घुसलं. त्याच्या मागे त्याचं कुटुंब.

आबांनी वळायच्या आतच जे हाताला आलं ते ओढलं. दोन्ही चाप हाताला आले. झालेल्या ओढाताणीत खटका पुढे सरकला होता, त्यामुळे मोठे छरे आणि गोळी एकाच वेळी सुटली, दोन्ही आकाशात, आणि आबा बांधावरून मागे उडून खाचरातल्या चिखलात उताणे पडले. पागोटं एका बाजूला, तीननळी छातीवर, झेंडूची माळ गळ्यात. ती कशी गेली ते मी पाहिलेलं नाही.

बार ऐकून वरच्या हाकेवाल्यांना वाटलं, डुक्कर पडलं. ते आनंदाने ओरडत खाली धावले. पंचवीस माणसं, सात कुत्री, एक हलगीवाला. डुकरं खाचराच्या या टोकाहून त्या टोकाला, माणसं त्यांच्या मागे, कुत्री माणसांच्या मागे. मग डुकरं परत फिरली, म्हणून माणसं पुढे आणि डुकरं मागे. मी आबांना उठवायला उतरलो होतो, तोही भातातूनच. शेवटी डुकरं सुखरूप डोंगरात गेली आणि सगळे श्वास घेत उभे राहिले. उभे फक्त आम्हीच राहिलो होतो. भातातलं काहीही उभं नव्हतं. डुकरांना हेच काम करायला दिवाळी उजाडली असती.

दसऱ्याचा दिवस, त्यामुळे दुपारी सारा गाव सोनं द्यायला घरी आला. प्रत्येकाने आपट्याची पानं आबांच्या हातात ठेवली आणि खांद्याकडे बघून तेच विचारलं.

“डुक्कर केवढा हुता, आबा?”

“हाये आजून तेवडाच,” आबा म्हणायचे.

नानी त्यांच्या खांद्याला हळद लावत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाटील म्हणाले, “वाघराला आनली असती तर गाव शिल्लक ऱ्हायलं नसतं.” ते गेल्यावर मी आबांच्या पायाशी बसलो. म्हणालो, “आबा, माझं चुकलं.”

आबांनी हातातली आपट्याची पानं बाजूला ठेवली. मग म्हणाले, “आमी आडानी चुकलो तर येक वाफा जातोय. तू शिकल्याला. तू आक्कं खाचार घेतलंस.” आणि थोड्या वेळाने, “वरलं ऱ्हायलंय. तेवडं वाचीव म्हंजी झालं. न्हाई तर बियाला बी भात उरायचं न्हाई.”

पाच दिवसांनी धोंडिबा लोणावळ्याला शाळेत आला. डुकरं तिसऱ्याच दिवशी वरच्या खाचरात उतरली होती. नानी आणि शेजारच्या बाया डबे बडवून कशीबशी राखत होत्या. (एक डुक्कर जरा लंगडत होतं म्हणे. माझ्या पदवीचं तेवढंच यश.)

“आबांनी इचारलंय, आता काय करायचं,” धोंडिबा म्हणाला. “लिहून धाडा म्हनलेत. आन् थोडक्यात लिवा. तुमचं मागलं पत्र चावडीवर वाचता वाचता तलाठ्याचा घसा बसलता.”

मी दुसऱ्याच दिवशी रजा काढून पुण्याला जाऊन आलो आणि पुढचं पत्र टाकलं. जसंच्या तसं देतो.

तीर्थरूप आबांस रघूचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

काल शेटजींना भेटलो. तीननळी परत घेऊन ते त्याऐवजी साधी एकनळी बारा बोअर देण्यास तयार आहेत. तुम्ही त्या दिवशी खांद्याला लावून पाहिली होती, तीच. परवाना तुमच्या नावाचा, म्हणून तीननळी आणि परवाना घेऊन तुम्हीच यावं. बंदूक बदलल्याचं कचेरीत कळवावं लागेल, त्याचा अर्ज सोबत आहे. तो तीन ओळींचा आहे.

(तलाठीभाऊंनी पुढचा मजकूर हळू आवाजात वाचावा.) शेटजींची एक अट आहे. ‘काका आत येल, मास्तर भाईर ऱ्हायेल,’ असं ते म्हणाले. मी ती मान्य केली आहे. तुम्ही आत जाऊन ‘डुक्कर’ एवढंच म्हणावं. मी समोर सायकलीच्या दुकानापाशी उभा असेन.

हाक्याच्या वेळी धोंडिबा बसवील तिथे बसावं. नानीला बंदुकीची पुन्हा पूजा करायची असेल तर खुशाल करू द्यावी. हिला एकच नळी आणि एकच चाप आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी येणार होतो, ते रद्द केलं आहे. वरचं खाचर कापून, झोडून, भात कणगीत पडल्याचा निरोप आला की मगच येईन. पीक राखायला माझ्याकडून होण्यासारखी मदत एवढीच आहे.

आपला,
रघू